पाऊस तितकाच, तरी गाव कोरडं

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

नाशिक जिल्ह्याचे हवामान विभाग कसे सरकताहेत, हे नकाशावर दाखवायचं असेल तर सुरुवात तापमानापासून कर. पाऊस घटला तरच कोरडा पट्टा पसरतो, ही समजूत आधी सोड.

हवामानाचे गट पाडायच्या कोपेनच्या पद्धतीत कोरडेपणाचा उंबरठा काढायला वर्षाच्या सरासरी तापमानाला 20 ने गुणायचं. आपला 70 टक्क्यांहून जास्त पाऊस एप्रिल ते सप्टेंबरात पडतो, म्हणून त्यात 280 मिळवायचे. तापमान 25 अंश धरलं तर उत्तर 780. वर्षाला 780 मिमीहून कमी पाऊस असेल तर गाव कोरड्या गटात. त्यातही उंबरठ्याच्या निम्म्याच्या, म्हणजे 390 च्या वर असेल तर अर्धशुष्क. नाशिक शहराचा पाऊस 700 च्या आसपास, म्हणजे आपण रेषेला लागूनच आहोत. तापमान 1 अंशाने वाढलं की उंबरठा 800 होतो. एक थेंबही कमी न पडता 780 ते 800 मधली गावं कोरडी ठरतात, कारण तापलेली हवा माती-पिकातून जास्त पाणी ओढते.

तरी नकाशावर रेषा फार हललेली दिसणार नाही. इगतपुरीला 3000 मिमीच्या वर पाऊस, तिथून जेमतेम 45 किलोमीटरवर शहरात 700; पाऊस इतक्या झपाट्याने उतरतो तिथे 20 मिमी म्हणजे काहीच नाही. यावरून ‘बदल नाही’ असं लिहू नकोस, ती घोडचूक ठरेल. रंगाच्या पट्ट्यांसोबत तूटही, म्हणजे उंबरठ्याला पाऊस किती कमी पडतो तेही, दाखव. येवल्याचा पाऊस 500 धरला तर तूट 280 ची 300 होते. गट तोच, ताण मात्र वाढलेला.

आकडे 1961–1990 आणि 1991–2020 असे 30-30 वर्षांचे घे. हवामान खात्याची 0.25 अंशाच्या चौकटींत मांडलेली पावसाची जाळी इथे अपुरी पडते: साधारण 27 किलोमीटरच्या एका चौकटीत घाट आणि माळ मिसळून जातात. म्हणून तालुक्यांच्या पर्जन्यमापकांच्या नोंदी मिळव. नोंद नसलेला दिवस शून्य धरू नकोस. मापकाची जागा कधी बदलली तेही विचार, नाहीतर खोटी उडी दिसेल.

निफाडचा द्राक्ष बागायतदार मात्र तुला ऑक्टोबर छाटणीनंतरच्या पावसाबद्दल विचारेल, कारण डावणी हा द्राक्षाचा बुरशीजन्य रोग त्याच ओलीत येतो. मासिक सरासरीत तो पाऊस बुडून जातो. त्याच्यासाठी रोजच्या नोंदींतून छाटणीनंतरच्या 60 दिवसांतले 2.5 मिमी किंवा जास्त पावसाचे दिवस मोज आणि वेगळा तक्ता कर.

कळावे.