टेबल घेण्याआधी चेंडू टाकून बघा

प्रश्न : घरातली एक खोली १६ बाय ११ फुटांची आहे. तिच्यात पूर्ण मापाचं टेबल टेनिसचं टेबल बसेल का, की लहान घ्यावं?

टेबल बसेल, खेळाडू मावणार नाहीत. पूर्ण मापाचं टेबल २.७४ मीटर लांब आणि १.५२५ मीटर रुंद, म्हणजे ढोबळमानाने ९ बाय ५ फूट. तुमच्याकडे दोन्ही टोकांना साडेतीन-साडेतीन फूट उरतात आणि बाजूंना तीन-तीन. टेबलाला चिकटून पुश आणि ब्लॉक, म्हणजे हात फार न हलवता चेंडू ढकलायचे वा अडवायचे फटके, होतील. टॉपस्पिनसाठी, म्हणजे चेंडूला पुढे फिरकी देणाऱ्या जोरदार फटक्यासाठी, हात मागे गेला की बॅट भिंतीवर आपटेल. घरगुती खेळाला किमान २० बाय १२ फूट धरा, नियमित सरावाला २८ बाय १५. खरेदीआधी जमिनीवर चिकटपट्टीने टेबलाचं माप आखा आणि दोघांनी बॅट घेऊन हवेतच फटके मारून बघा.

लहान टेबल मुलांना सुरुवातीला ठीक आहे. पण त्यावर कडेशी खोल टाकलेला चेंडू मोठ्या टेबलावर आखूड पडतो आणि ती सवय मोडायला वेळ लागतो. तुमच्या खोलीत पूर्ण मापाचं, पण दोन अर्धे भाग स्वतंत्र असलेलं टेबल घ्या. एक भाग उभा ठेवून एकट्याने सराव करता येतो आणि मागे हलायला भरपूर जागा मिळते. त्याने लय आणि पायांची हालचाल सुधारते. समोरच्याची फिरकी ओळखण्याचा सराव मात्र होत नाही. भाग वर न्यायचा असेल तर दीड मीटर रुंदी जिन्याच्या वळणावर किंवा लिफ्टमध्ये मावते का, ते आधी मोजा.

प्रश्न : क्लबसाठी चार टेबलं घ्यायची आहेत. १८ आणि २५ मिमी जाडीत खेळताना खरंच फरक कळतो का?

कळतो, आणि पहिल्या दहा मिनिटांतच. चेंडू अवघा २.७ ग्रॅमचा, तरी पातळ फळी त्याच्या आघाताने थरथरते. चेंडूची ताकद त्या थरथरीत जिरते आणि टप्पा खाली राहतो. त्याहून त्रासदायक गोष्ट म्हणजे खालच्या आधाराच्या पट्टीवर टप्पा कडक येतो आणि दोन आधारांच्या मधे मऊ. एकाच टेबलावर दोन तऱ्हेचे टप्पे आले तर हाताला अंदाज कसा बसायचा?

नियमाप्रमाणे ३० सेंमीवरून सोडलेला चेंडू सुमारे २३ सेंमी उसळला पाहिजे, आणि सगळीकडे सारखाच. दुकानातच तपासा. पट्टी उभी धरा, चेंडूची खालची बाजू ३० च्या खुणेवर आणा आणि बोटं नुसती सैल करा. चेंडू ढकलू नका. उसळीही खालच्या बाजूनेच मोजायची. डोळ्यांनी चुकते, म्हणून मोबाईलवर संथ गतीने चित्रण करा. प्रत्येक अर्ध्या भागावर नऊ ठिकाणी हे करा : चार कोपरे, चार कडांचे मध्य आणि मधोमध एक. दोन जागांच्या उसळीत एक सेंमीहून जास्त फरक आला तर ते टेबल सोडून द्या. कानही वापरा. चांगल्या फळीवर टकटक भरीव आणि सारखी येते, पोकळ जागी आवाज लगेच बदलतो.

नुसत्या जाडीच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. भुसभुशीत पार्टिकल बोर्ड (लाकडाचा भुसा दाबून केलेली फळी) २५ मिमीचा असला तरी त्यावर टप्पा मेलेलाच येतो. वजनावरून याचा अंदाज येतो. घट्ट बोर्डाचा २५ मिमीचा पृष्ठभाग स्टँड सोडून साधारण ७० किलो भरतो, १८ मिमीचा ५० किलो. त्यापेक्षा फारच हलका असेल तर शंका घ्या. कडेखालची धातूची चौकट ४० ते ५० मिमी उंच हवी. कोपऱ्यावर तळहाताने दाब द्या. कोपरा झुकला तर चौकट कमजोर आहे.

आमचं मत : घरी अधूनमधून खेळायला १८ मिमी चालेल, क्लबला २२ मिमी पुरेल, स्पर्धा भरवायच्या असतील तर २५ घ्या. चारही टेबलं एकाच प्रकारची असू द्या. वाचलेले पैसे स्टँडवर घाला, कारण क्लबातली टेबलं खेळून झिजण्याआधी ओढाताणीत मोडतात. निदान १० सेंमी व्यासाची रबरी चाकं, त्यांना ब्रेक आणि पायाखाली उंची जुळवायचे स्क्रू, एवढं बघून घ्या. निळं की हिरवं यावर सभेत वेळ घालवू नका. रंग गडद, एकसारखा आणि बिनचकाकीचा असला की झालं.

प्रश्न : आमच्या जुन्या टेबलाचा एक भाग मधे खाली गेल्यासारखा वाटतो. दुरुस्त होईल का?

आधी तो खरंच गेलाय का ते बघा. दोन्ही भागांवर पाणसळ ठेवून पायांचे स्क्रू जुळवा. जमीन ७६ सेंमीखाली असते, तिचा उतारही टेबलाच्या माथी मारला जातो. जाळी काढून मधला सांधाही पाहा. तिथली पायरी जाळीखाली लपून राहते.

मग समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक नाणं ठेवून त्यांवरून दोरा ताणा. तसंच तिसरं नाणं दोऱ्याखालून सरकवत न्या. जिथे अडेल तिथे फुगवटा, जिथे फट दिसेल तिथे खड्डा. खड्डा चौकटीचे स्क्रू सैल झाल्याने पडला असेल, तर भोकात लाकडाचा गोंद भरून किंचित जाड स्क्रूने पुन्हा आवळता येतो. स्क्रूचं टोक बोर्डात घुसण्याची लांबी बोर्डाच्या जाडीपेक्षा तीन मिमी तरी कमी ठेवा, नाहीतर वर टेंगूळ उठेल.

ओल शिरून बोर्ड वाकला असेल तर आशा सोडा. वरची बाजू रंगवलेली आणि खालची उघडी असली की ओल खालूनच शिरते, एक बाजू फुगते आणि फळी बाक धरते. भिंतीला तिरपी टेकवून ठेवलेली फळीही अशीच वाकते. फुगलेली कड घासून सपाट होत नाही, आतला भुसा सुटतो.

प्रश्न : टेबल चमकावं म्हणून फर्निचर पॉलिश लावलं तर चालेल?

नाही. चेंडू टप्प्यावर घसरतो आणि फिरकी धरत नाही. सौम्य साबणाच्या पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळा, पुसा, लगेच कोरडं करा. कडांवर पाणी साचू देऊ नका.

प्रश्न : क्लबात व्हीलचेअरवरचे दोन खेळाडू येणार आहेत. वेगळं टेबल लागेल का?

वेगळं नको, पण पाय कुठे आहेत ते बघून घ्या. टोकाच्या रेषेपासून पाय निदान ४० सेंमी आत हवेत, नाहीतर खुर्चीची पावलं ठेवायची फळी त्यांना अडते. टोकाकडची चौकट फार खोल असेल तर गुडघे लागतात. खेळाडूंना खुर्चीसह बसवूनच खात्री करा.

प्रश्न : घरात लहान मुलं आहेत. मधोमध दुमडणारं टेबल घ्यावं का?

स्वतंत्र भागांचं घेतलंत तर बरं. एकजोड टेबल दुमडताना दोन्ही जड फळ्या एकदम हलतात, आणि कुलूप नीट अडकलं नसेल तर उघडून खाली येतात. एकजोडच घ्यायचं असेल तर दोन्ही बाजूंना आपोआप अडकणारी कुलपं असलेलं घ्या, मोठ्या दोघांनीच ते हलवा, आणि उभं केल्यावर चाकांचे ब्रेक लावून भिंतीला पट्ट्याने बांधा.