वाचकांचे प्रश्न : घरात थांबलो, की थांबलो नाही?

प्रश्न : मुलीच्या प्रकल्पासाठी २०२० चे गुगलचे मोबिलिटी (फोनच्या नोंदींवरून लोकांची वर्दळ मोजणारे) अहवाल काढले. एप्रिलमध्ये उत्तर गोव्यातली कामाच्या ठिकाणची वर्दळ धाडकन खाली आलेली दिसते, पण घरी थांबण्याचा आकडा त्या मानाने थोडाच वर सरकलेला. मग माणसे होती कुठे? — एक पालक, डिचोली

उत्तर : घरातच होती. दोन्ही आकड्यांची मापे वेगळी आहेत. दुकाने, बसस्थानके, कचेऱ्या यांच्यासाठी अहवाल तिथली ये-जा मोजतो. घरासाठी मात्र माणसाने घरात किती वेळ काढला, ते मोजतो. एरवी दिवसाचे १६ तास घरी असणारा माणूस उंबरठा न ओलांडता २४ तास बसला तरी वाढ ५० टक्केच भरते. त्यापुढे वाढायला दिवसात तास उरत नाहीत. म्हणून हे दोन आलेख एकाच पट्टीवर काढू नका.

मुलीला आणखी एक सांगा. आकडा उणे ८० (म्हणजे नेहमीपेक्षा ८० टक्के कमी) वरून उणे ६० वर आला, तर ‘वर्दळ २० टक्क्यांनी वाढली’ असे लिहू नये. शंभरातले २० जण येत होते, ते ४० झाले. म्हणजे वर्दळ दुप्पट झाली. ही चूक भलेभले करतात.

प्रश्न : जून २०२० मध्ये बंधने सैल झाली, तरी ‘पार्क्स’चा आकडा उणेच. लोक इतके घाबरले होते का? — एक विद्यार्थी, फोंडा

उत्तर : भीती असेलही, पण आधी पावसाचा हिशेब करा. या रकान्यात बागांबरोबर समुद्रकिनारेही मोडतात. आणि तुलना कशाशी? ३ जानेवारी ते ६ फेब्रुवारी २०२० या पाच आठवड्यांशी. हा गोव्याच्या पर्यटन हंगामाचा ऐन भर. कळंगुटचा जानेवारी आणि कळंगुटचा जून यांची बरोबरी महामारी नसतानाही होत नाही. शिवाय ये-जा मोजताना पर्यटकांचे फोनही मोजले जातात. म्हणजे गोव्यातल्या घसरणीत घरी बसलेला गोंयकार आणि विमान पकडून गेलेला पाहुणा असे दोघेही मिसळलेले आहेत. अहवाल जिल्ह्यापुरताच थांबतो, त्यामुळे पेडणे वेगळे आणि सत्तरी वेगळी काढता येत नाही.

यातून एक वाट आहे. हे आकडे ऑक्टोबर २०२२ पर्यंत मिळतात आणि तुलनेचा पाया शेवटपर्यंत तोच राहिला. जून २०२० चा आकडा जून २०२२ च्या शेजारी ठेवा. दोन्हीकडे पाऊस आहे, महामारीची बंधने एकीकडेच. पाहुण्यांचा फरक मात्र तरीही राहतो, तो प्रकल्पात नोंदवा.

वारही सांभाळा. प्रत्येक वाराची तुलना त्याच वाराशी होते : पाच शुक्रवारांचा मध्यक (आकडे क्रमाने मांडल्यावर मधोमध येणारा) हा शुक्रवारचा पाया. म्हापशाचा बाजार शुक्रवारचा, म्हणून बंदीतल्या शुक्रवारची गुरुवारशी तुलना करून निष्कर्ष काढू नये. देशव्यापी बंदीचा पहिला दिवस, २५ मार्च २०२०, हा नेमका गुढीपाडवा होता. त्या एका दिवसाच्या घसरणीचे सगळे श्रेय सरकारी आदेशाला देता येत नाही.

प्रश्न : माझा फोन घरीच होता, हे सरकारला कळत होते का? — एक वाचक, काणकोण

उत्तर : या अहवालांतून नाही. ज्यांनी ‘लोकेशन हिस्टरी’ (फोन कुठे कुठे गेला याची नोंद) स्वतःहून चालू केली होती, त्यांचीच एकत्रित नोंद त्यात होती. वर कोणी एकटा माणूस ओळखू येऊ नये म्हणून आकड्यांत मुद्दाम थोडी गडबड मिसळलेली, आणि नोंदी अपुऱ्या असल्या तर रकाना रिकामा. साधा फोन वापरणारा मजूर त्यात नाहीच. आमच्या मते या अहवालांची खरी उणीव ती आहे.

प्रश्न : लोक आदेशामुळे थांबले की धास्तीने? — एक शिक्षिका, मडगाव

उत्तर : अमेरिकेत ऑस्टन गूल्सबी आणि चॅड सिव्हर्सन या अर्थशास्त्रज्ञांनी मोबाइलच्या नोंदींवरून हे तपासले. एकाच परिसरातल्या, पण हद्दीच्या दोन बाजूंना वेगवेगळे नियम असलेल्या दुकानांची त्यांनी तुलना केली. ग्राहकांची ये-जा ६० टक्के अंशांनी घटली होती. त्यातले ७ अंशच आदेशांच्या वाट्याला आले. बाकी लोक आपणहून थांबले.

हे उत्तर इथे जसेच्या तसे चिकटवू नका. ती पद्धत चालते, कारण तिथे शेजारच्या दोन भागांचे नियम वेगळे होते. आपल्याकडे डिचोली आणि हद्दीपलीकडचे महाराष्ट्रातले दोडामार्ग यांना २५ मार्चला एकच देशव्यापी आदेश लागू झाला, तुलनेला मोकळी बाजूच उरली नाही. शिवाय बसच बंद असेल, तर प्रवासी स्वतःहून थांबला की त्याला थांबवले, हे नोंदीवरून कसे ठरवणार?

प्रश्न : पुढे कधी अशी वेळ आली तर पंचायतीला स्वतः वर्दळ मोजता येईल का? — एक पंच, तिसवाडी

उत्तर : येईल, आणि खर्च कागद-पेन्सिलीचा. पण सुरुवात आज, सगळे सुरळीत असताना करा. बंदी लागल्यावर केलेल्या मोजणीला तुलनेसाठी काही राहत नाही. तिठ्यावर दोघे बसवा, एक एका दिशेला. सकाळी ८ ते १० आणि संध्याकाळी ५ ते ७, दर १५ मिनिटांनी नवी ओळ. पायी, दुचाकी, चारचाकी, बस असे चार रकाने पुरेत. जास्त केले की गर्दीच्या वेळी हात मागे पडतो. मंगळवार आणि शनिवार, निदान तीन आठवडे. जत्रा-फेस्ताचा दिवस पडला तर तो बाजूला काढा. हीच मोजणी पावसाळ्यात पुन्हा करा. फेरीबोटीच्या धक्क्यावर मोजणार असाल तर तिकिटांवर विसंबू नका : पायी जाणाऱ्याला तिकीटच नसते, त्याला उतरताना डोकी मोजूनच धरावे लागते.