एशरची चित्रं आवडतात, पण सोलापूरहून म्युझियमं पाहायला जाण्यात अर्थ आहे का?

तुम्ही लिहिलंय की डच चित्रकार एम. सी. एशरची दृष्टिभ्रमाची चित्रं मोबाईलवर पाहून वेड लागलंय, पण कलेतलं काही कळत नाही, मग म्युझियममध्ये जाऊन करायचं काय. जा हो, जरूर जा. पण आधी घरीच एक चित्र नीट पाहा.

त्याचं ‘वॉटरफॉल’ घ्या, १९६१ चं. लोक ‘अरे, पाणी वर चढतंय!’ म्हणतात आणि पुढच्या चित्राकडे वळतात. तुम्ही धबधब्याखालच्या पाणचक्कीच्या चाकाजवळून बोट ठेवून पन्हळीच्या कडेनं निघा. एकेक वळण तपासा, कुठेच चूक सापडत नाही. पाणी आपलं लांब लांब चाललंय, आणि तरी येतं ते धारेच्या माथ्यावर. आता खांब बघा. लबाडी तिथे आहे. जी पन्हळ पार मागे गेलेली असायला हवी, तिच्यावरच खांब उभे करून वरची पन्हळ टेकवलीय. दोन मनोऱ्यांची टोकं सारख्याच उंचीवर दिसतात, पण मजले मोजा, उजव्याचा एक कमी भरतो. निम्मं चित्र हातानं झाका, उरलेलं कुठल्याही गवंड्याला बांधता येईल असं आहे. ही युक्ती लायोनेल आणि रॉजर पेनरोज या बापलेकांच्या १९५८ मधल्या अशक्य त्रिकोणाची, म्हणजे कागदावर काढता येतो पण प्रत्यक्षात बांधता येत नाही अशा त्रिकोणाची. त्यातल्या रॉजरना पुढे २०२० मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही कृष्णविवरांवरच्या कामासाठी!

मला स्वतःला ‘डे अँड नाइट’ (१९३८) जास्त आवडतं. चादरीच्या नक्षीचे ग्राफ, म्हणजे चौकटीच्या कागदावरचे आराखडे, काढण्यात हयात गेली, त्यामुळे असेल. आपली जेकार्डची, म्हणजे मागावरच नक्षी विणलेली, चादर उलटी करा, नक्षीचा रंग जमिनीला आणि जमिनीचा नक्षीला. ग्राफवर मोर काढताना मोराभोवतीची जागाही तितकीच काळजीनं काढावी लागते. एशरनं तेच केलंय. खालची शेतं वर सरकता सरकता पक्षी होतात आणि पांढऱ्या पक्ष्यांमधली मोकळी जागा म्हणजेच काळे पक्षी. स्पेनमधल्या अल्हाम्ब्रा राजवाड्याच्या फरशा त्यानं १९३६ मध्ये बसून उतरवून घेतल्या होत्या, हा नाद तिथून वाढला.

नेदरलँड्समध्ये द हेगला जुन्या राजवाड्यात त्याचं म्युझियम आहे. तिथे जमलं तर उत्तमच. नाही जमलं तरी हळहळू नका. ही सगळी ठशांवरून कागदावर काढलेली चित्रं. ‘वॉटरफॉल’ जेमतेम ३८ बाय ३० सेंटिमीटरचं, मोठ्या पुस्तकाच्या पानाएवढं. चांगल्या छपाईचं पुस्तक मोबाईलपेक्षा शंभरपट बरं.

म्युझियमसाठी मात्र आपल्याला हैदराबाद सोयीचं. तिथल्या सालारजंग म्युझियममध्ये एकाच ओंडक्यातून कोरलेला दुहेरी पुतळा आहे. समोरून ताठ मानेचा मेफिस्टोफिलीस, म्हणजे गटेच्या ‘फाउस्ट’ नाटकातला सैतान, पाठीमागे खाली मान घातलेली त्याच नाटकातली मार्गारेटा, मागे आरसा लावलाय म्हणून दोघं एकदम दिसतात. लोक आरशासमोर फोटो काढून निघून जातात. तुम्ही बाजूला, काटकोनात उभे राहा आणि एकाचं अंग कुठे संपून दुसऱ्याचं सुरू होतं ते शोधा. नंतर इटालियन शिल्पकार बेंझोनीचा पुतळा, बुरख्यातली रेबेका (बायबलमधली), संगमरवर असूनही चेहऱ्यावर झिरझिरीत कापड असल्यासारखी. एवढं पाहून चहा प्या. सगळी दालनं एका दमात उरकायला गेलात तर पायच दुखतील.

सालारजंग शुक्रवारी बंद असतं, तेवढं पाहून तिकीट काढा.