‘एकूण’च्या वर ओळ घातली की बॉर्डर बिघडते, त्यावर उपाय

भाऊ, रावेर-सावद्याकडच्या केळीच्या गाड्यांचा तुमचा एक्सेलमधला हिशेब पाहिला. तारीख, शेतकरी, घड, वजन, भाव, रक्कम आणि तळाला ‘एकूण’. मधे कुठे ओळ घातली तर निभावतं, पण ‘एकूण’च्या लगेच वर घातली की जुनी जाड रेषा मधेच अडकते आणि नवी ओळ अर्धी उघडी राहते, ही तुमची तक्रार.

एक्सेलला तुमचा तक्ता कुठे संपतो हे ठाऊकच नसतं. बॉर्डर त्या-त्या सेलची असते. शेवटच्या शेतकऱ्याच्या ओळीला तुम्ही खालून जाड रेषा दिली, म्हणजे ती त्या शेतकऱ्याला चिकटली. त्याच्याखाली कितीही ओळी घाला, ती त्याच्यापाशीच राहणार.

म्हणून ती रेषा ‘एकूण’ला द्या. आधी शेवटच्या नोंदीची खालची बॉर्डर काढा. मग ‘एकूण’ची ओळ निवडून कंट्रोल + १, बॉर्डर टॅब, आणि तिथे वरच्या कडेला जाड रेषा. क्रम हाच ठेवा. दोन ओळींमधली कड एकच असते, त्यामुळे नंतर पुसायला गेलात तर नवी रेषाही सोबत जाऊ शकते.

आता यातली खरी युक्ती. शेवटची नोंद आणि ‘एकूण’ यांच्यामध्ये एक रिकामी ओळ ठेवा, उंची अगदी ५ करून टाका, आणि बेरजेची रेंज त्या रिकाम्या ओळीपर्यंत न्या. नोंदी ४ ते ४० ओळींत असतील तर =SUM(F4:F41). नवी ओळ नेहमी या बारीक ओळीच्या वर घालायची. नवी ओळ वरच्या नोंदीचं रूप घेते, आणि ती रेंजच्या आत पडत असल्याने बेरीजही आपोआप वाढते. बॉर्डर बिघडली तर फार तर कागद वाईट दिसतो. बेरजेतून एक गाडी सुटली तर शेतकरी दारात उभा राहतो. ओळ घातल्यावर शेजारी छोटं ब्रशचं बटण येतं, त्यात वरच्या ओळीचं रूप हवं की खालच्या, तेही निवडता येतं.

रोज तळाला नोंदी वाढवत जाणाऱ्याने मात्र ‘एकूण’ सरळ वर, शीर्षकाखाली घ्यावं असं माझं मत. तळ मोकळा झाला की रेषांचं काम कंडिशनल फॉरमॅटिंगवर, म्हणजे अट जुळली की सेलला आपोआप रूप देणाऱ्या सोयीवर, सोडता येतं. A4 पासून F500 पर्यंत निवडा, कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये न्यू रूल, फॉर्म्युलाचा पर्याय, आणि लिहा =$B4<>"". फॉरमॅटमध्ये बॉर्डर, आउटलाइन. शेतकऱ्याचं नाव टाकलं की ओळीला चौकट येते, पुसलं की जाते. डॉलर B च्या आधीच हवा, नाहीतर प्रत्येक कॉलम आपापलं बघतो. इथे जाड रेषा मिळत नाही, बारीकच मिळते.

तारीख बदलली की तुम्ही हाताने रेषा मारता, तेही सोडा. सॉर्ट केलं की आकडे हलतात, हाताने मारलेल्या बॉर्डर जागेवरच राहतात. त्याऐवजी दुसरा रूल =$A4<>$A5 असा घालून फक्त खालची रेषा द्या, थोडा गडद रंग निवडून. कांदेबाग-मृगबाग (केळीच्या लागवडीचे दोन हंगाम) वेगळी दाखवायची असेल तर त्याचाही कॉलम करून हेच करता येईल.

दुसऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेल्या शीटमधून नोंदी उचलताना साधं पेस्ट नको. कंट्रोल + ऑल्ट + V, मग V आणि एंटर, म्हणजे फक्त आकडे येतात. नाहीतर त्यांच्या बॉर्डर तर येतातच, शिवाय तुमचे रूलही तुकड्या-तुकड्यांत फाटतात. मॅनेज रूल्स उघडून बघा, एकाचे दहा झालेले दिसतील.

गूगल शीट्सवर हे रूलचं काम होणार नाही, तिथे कंडिशनल फॉरमॅटिंगमध्ये बॉर्डरच नाही. बारीक ओळ बेरजेच्या रेंजमध्ये ठेवायची युक्ती तिथेही चालते.