कमी पैशांत फिरताना अनोळखी लोकांकडे फुकट राहायची सोय कशी शोधावी?

प्रवासी आणि यजमान यांची गाठ घालून देणाऱ्या काउचसर्फिंग या साइटचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण २०२० पासून बऱ्याच देशांत त्याला वर्गणी भरावी लागते. पूर्ण मोफत हवं असेल तर बीवेलकम (२००७ पासून स्वयंसेवक चालवतात) किंवा ट्रस्टरूट्स बघा. सायकलवर निघणार असाल तर वॉर्मशॉवर्स. तिथले बरेचसे यजमान स्वतः सायकलने फिरलेले असतात, त्यामुळे दमून आलेल्याला आधी काय हवं असतं हे त्यांना सांगावं लागत नाही. सर्व्हास तर १९४९ सालची, शांततेसाठी सुरू झालेली संस्था. तिथे आधी मुलाखत होते.

खरी मेहनत आहे विनंती लिहिण्यात. एकच मजकूर वीस जणांना पाठवू नका, तो लगेच ओळखू येतो. समोरच्याने स्वतःबद्दल लिहिलेलं शेवटपर्यंत वाचा आणि त्याच्याकडेच का राहावंसं वाटलं, किती वाजता पोचणार, किती रात्री राहणार हे लिहा. नव्या खात्यावर अभिप्राय नसतात, म्हणून निघण्याआधी स्वतःच्या घरी एखाद्या प्रवाशाला ठेवून घ्या. यजमान होण्यातही तितकीच मजा आहे!

एकट्या बाईने इतर बायकांचे अभिप्राय आवर्जून वाचावेत. झोपायची जागा वेगळी आहे का, हे आधीच स्पष्ट विचारा. हॉस्टेलच्या एका रात्रीचे पैसे कायम बाजूला असू द्या. मन कचरलं तर कारण न देता निघता आलं पाहिजे.

वूफसारख्या ठिकाणी शेतकामाच्या बदल्यात जेवण-मुक्काम मिळतो. मात्र टुरिस्ट व्हिसावर असं काम अनेक देशांत चालत नाही, तेवढं आधी तपासा.