मशीन लागलं, पण शब्द कळेनात

“बाबांना कॉक्लिअर इम्प्लांट बसवलं. मशीन चालू होऊन दोन आठवडे झाले. आवाज येतो म्हणतात, पण बोललेलं एक अक्षर कळत नाही. पैसे पाण्यात गेले का?” असं विचारणारी मुलं-सुना माझ्याकडे नेहमी येतात. हे इम्प्लांट म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवलेली तार; कानावरचा प्रोसेसर आवाज टिपतो आणि तिच्यातून विजेचे इशारे श्रवणाच्या नसेला मिळतात.

इंदूरला रामबागेतल्या एका काकांच्या घरी हेच झालं. साठीत मेंदूज्वराने दोन्ही कान गेले, मग इम्प्लांट. स्विच-ऑनच्या, म्हणजे मशीन पहिल्यांदा चालू केलं त्या दिवशी मुलीने “बाबा” म्हणताच ते म्हणाले, “पत्र्याच्या डब्यात कुणीतरी खडे हलवतंय.” घरी काकूंनी परीक्षाच मांडली. मागून बोलायचं आणि विचारायचं, “सांगा, काय म्हणाले मी?” वैतागून काकांनी प्रोसेसर कपाटात टाकला.

निरोगी कानात आवाज टिपणाऱ्या आतल्या केसपेशी सुमारे 3,500 असतात. इम्प्लांटच्या तारेवर इशारे देणारे इलेक्ट्रोड 12 ते 22. एवढ्याशा खुणांवरून शब्द ओळखायला मेंदूला नव्याने शिकावं लागतं. 1978 मध्ये मेलबर्नला ग्रॅम क्लार्क यांनी रॉड साँडर्स यांना बहुइलेक्ट्रोड इम्प्लांट बसवलं. राष्ट्रगीताची धून ओळखून ते चक्क उभे राहिले! पण ओठ न बघता बोलणं कळायला त्यांनाही महिने लागले.

काकूंची परीक्षा मी बंद केली. (निवृत्त शिक्षिका, त्यांना ते मुळीच रुचलं नाही.) त्याऐवजी सकाळचा पेपर. काकूंनी वाचायचं, काकांनी त्याच ओळीवरून बोट फिरवत ऐकायचं. टीव्ही बंद, इम्प्लांटच्या बाजूला बसायचं आणि ओरडायचं नाही, कारण ओरडलं की शब्द आणखी फाटतो. प्रोसेसर उठल्यापासून झोपेपर्यंत कानावर. मॅपिंगची, म्हणजे सेंटरवर मशीन जुळवून घेण्याची तारीख चुकवायची नाही, कारण सुरुवातीला कमी ठेवलेला करंट हळूहळू वाढवत नेतात.

आधी कुकरची शिट्टी आणि दारावरची बेल यांतला फरक कळला. मग एके सकाळी काकूंनी वाचताना एक ओळ गाळली, तर काकांचं बोट तिथेच थांबलं. “ही राहिली की!” सराफ्याच्या, म्हणजे इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजाराच्या गर्दीत मात्र अजून काही कळत नाही. तिथे ते मुकाट गराडू (तळलेला कंद) खातात.

मोठेपणी कान गेलेल्यांत बरीचशी प्रगती पहिल्या तीन ते सहा महिन्यांत दिसते आणि पुढेही वर्षभर होत राहते. जन्मापासून न ऐकणाऱ्या प्रौढांचं गणित वेगळं असतं, त्यांच्याशी तुलना नको. पण येत असलेला आवाज अचानक बंद झाला, कानामागे सूज आली किंवा चेहरा फडफडू लागला, तर थांबू नका. त्याच दिवशी इम्प्लांट सेंटरला फोन करा.