नवीन रंगवलेलं लाकडी कपाट खरोखर जुनं, थरावर थर चढलेलं कसं दिसेल?

तुम्ही लिहिलंय की आजोबांच्या वेळच्या कपाटाला नवा ऑइल पेंट दिला, जुनं दिसावं म्हणून घासलं, तरी ते खोटंच दिसतंय. का, याचं उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे: 'पॉलिश पेपरने चारी बाजूंनी सारखं घासलं.' खरा जुना रंग सारखा कधीच उडत नाही. हात, पाय, केरसुणी जिथे लागते तिथेच तो जातो. मुठीभोवती, दाराच्या उघडायच्या कडेला, खाली पायांशी. बिजागरीकडची कड बऱ्यापैकी शाबूत राहते आणि नक्षीच्या खाचांत तर रंग उडायच्या ऐवजी मळ साचतो. म्हणून आधी दार दहा वेळा उघडा-मिटा आणि हात कुठे जातो तिथे खडूने खुणा करा. मी हे अजूनही करतो, घरचे हसतात.

आता रंग. आधीच्या ऑइल पेंटची चकाकी (शेवटी सांगितलेली शिशाची तपासणी झाल्यावरच) 180 नंबरच्या पेपरने मोडा आणि मेणविरहित लाखेच्या पॉलिशचा एक हात द्या. त्यावर पाण्यातला रंग नीट धरतो, शिवाय लाकडाच्या गाठींचे पिवळे-तांबूस डाग वर फुटत नाहीत. मग सगळ्यात खालचा, गडद रंग. तो रात्रभर वाळला की खुणांवर साधी मेणबत्ती घासा आणि दुसरा रंग चढवा. तिसऱ्या रंगाआधी पुन्हा मेण, पण जागा थोडी सरकवून. तंतोतंत तिथेच लावलंत तर सगळीकडे एकच खालचा रंग दिसेल आणि थरांची गंमत जाईल.

शेवटचा हात वाळल्यावर मेणाच्या जागी बोथट पट्टीने खरवडा. तिथला रंग टवके उडाल्यासारखा निघतो, कड खडबडीत राहते. पेपरने घासलं की कड विरत जाते. वस्तू आपटली की टवका उडतो, रोज हात लागला की रंग झिजतो. म्हणून कोपऱ्यांवर पट्टी आणि मुठीभोवती 220 नंबरचा पेपर वापरा. नंतर उरलेलं मेण फडक्याने पुसून काढा.

भेगा हव्या असतील तर दोन रंगांच्या मध्ये लाकडाचा पांढरा गोंद लावा. तो बोटाला चिकटेल पण ओला लागणार नाही, अशा वेळी वरचा रंग एकाच फटक्यात ओढा. पुन्हा ब्रश फिरवलात की सगळा चिखल. गोंद जाड तर भेगा मोठ्या. एखाद्याच फळीवर करा. मी एकदा अख्खी खुर्ची अशी केली, ती आटलेल्या तळ्यासारखी दिसत होती.

शेवटी बिनरंगी मेण पॉलिश, आणि त्यानंतरच गडद मेण, तेही फक्त खाचांत. क्रम उलटा झाला तर गडद मेण रंगात मुरतं आणि डाग जात नाहीत.

एक मात्र अगदी आधी बघा. कपाट आजोबांच्या वेळचं आहे म्हणता, तर तुमच्या रंगाखाली खरेच जुने थर असतील, आणि जुन्या रंगांत शिसं असू शकतं. त्याची तपासणी होईपर्यंत पेपर लावू नका. शिसं निघालं तर सुकं अजिबात घासायचं नाही, त्या थरांवर नुसती लाख मारून वरून काम करा. आतापर्यंत घासताना उडालेली धूळ झाडू नका, ओल्या फडक्याने टिपून घ्या आणि तोवर मुलांना त्या खोलीत येऊ देऊ नका.